दोन भाषा असतील तरच दुभाषी

मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. मागच्या महिन्यात एका तालुक्याच्या गावातल्या शाळेने मला बैठकीला बोलावलं. आठवीच्या वर्गात दोन कर्णबधिर मुलं आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांच्या पालकांनी मिळून अर्ज केला होता की वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी द्या. बैठक दोन तास चालली आणि तावातावाने चालली. एका बाजूचं म्हणणं असं की खुणांची सवय लागली की मूल तोंड उघडायचं बंद होतं; श्रवणयंत्र आहे, स्पीच थेरपी वाढवा, वर्गात हातवारे नकोत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानेच हा हक्क दिला आहे. दुभाषी नेमा, प्रश्न मिटला. दोन्हीकडची माणसं पोटतिडकीने बोलत होती. पण त्या दोन तासांत एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही: या दोन मुलांना भाषा कोणती येते?

मी बैठकीआधी दोघांनाही भेटले होते. मुलगी पाचवीपर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष शाळेच्या वसतिगृहात राहिलेली. तिथल्या मोठ्या मुलींकडून उचललेली सांकेतिक भाषा तिच्या हातातून पाण्यासारखी वाहते. पहिल्या पाच मिनिटांत तिने मला विचारून घेतलं की माझं लग्न झालंय का, मी साइन कुठे शिकले, आणि विज्ञानाचे सर फळ्याकडे तोंड करून बोलतात ते मी त्यांना सांगेन का. मुलगा पहिलीपासून याच गावात. जेवण, पाणी, मार, गाडी, आई अशा काही घरगुती खुणा त्याला येतात, चार-दोन शब्द ओठांवर येतात. वहीतलं अक्षर मोत्यासारखं आहे, कारण फळ्यावरचं तो हुबेहूब उतरवतो. 'काल काय केलंस?' हा प्रश्न मी त्याला चार तऱ्हांनी विचारून पाहिला. 'काल' म्हणजे काय, हेच त्याच्यापर्यंत पोचलं नाही. त्या मुलीसाठी मी उद्यापासून वर्गात उभी राहू शकते. त्या मुलासाठी मी वर्षभर उभी राहिले तरी भिंतीवरच्या तक्त्याइतकाच माझा उपयोग.

अकरा वर्षं मी शाळांमधून हेच काम करते आहे, त्यामुळे शाळेत दुभाषी नको असं मी म्हणणं शक्य नाही. दुभाषी हवा, प्रशिक्षित हवा, पूर्ण पगारावर हवा. पण दुभाषी भाषा देत नाही. तो एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत नेऊन पोचवतो; पलीकडे भाषाच नसेल तर पोचवणार कुठे? आपला सगळा वाद 'दुभाषी हवा की नको' यावर अडला आहे. त्याच्या आधीचा प्रश्न, की कर्णबधिर मुलाला त्याची पहिली भाषा कोणत्या वयात आणि कुणाकडून मिळणार, त्याला कुणी हात लावत नाही. तो सुटला नाही तर दुभाषी नेमल्याने शाळेची फाइल पूर्ण होईल, मुलाचं शिक्षण होणार नाही.

हे काम नेमकं काय आहे ते आधी सांगायला हवं, कारण बैठकीतल्या बहुतेकांना ते बातम्यांच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीतूनच माहीत होतं. शिक्षक बोलायला लागले की मी एखाद-दुसरं वाक्य मागे राहते, अर्थ धरते आणि मग तो हातांवर आणते. मराठीचा शब्दन्‌शब्द खुणेत उतरत नाही, उतरायची गरजही नाही, कारण भारतीय सांकेतिक भाषेला तिचं स्वतःचं व्याकरण आहे. काळ आधी सांगितला जातो, प्रश्नाचा शब्द आणि नकार शेवटी येतात. मराठी माणसाला यात परकं काही वाटू नये. 'तुझं नाव काय?' मध्ये आपलंही 'काय' शेवटीच येतं आणि 'मी जात नाही' मधलं 'नाही'ही. भुवया, ओठ, मान, खांदे हे सगळं त्या व्याकरणाचा भाग आहे. माझ्या चेहऱ्याकडे बघून वर्गातली ऐकणारी मुलं सुरुवातीचे आठ दिवस हसतात. मग हसायची थांबतात आणि तिसऱ्या आठवड्यात खुणा करून एकमेकांना उत्तरं सांगायला लागतात.

अडचणी कुठे येतात? शिक्षक फळ्यावर आकृती काढता काढता बोलतात. ऐकणारं मूल आकृती बघत ऐकू शकतं. कर्णबधिर मुलाला एक तर फळा दिसतो नाही तर माझे हात. म्हणून मी प्रत्येक शिक्षकाला एकच विनंती करते: आधी काढा, पाच सेकंद थांबा, मग बोला. जे हे पाळतात त्यांच्या वर्गात बाकीची मुलंही अधिक नीट समजून घेताना मी पाहिली आहेत. दुसरी अडचण परिभाषेची. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द बोटांवर अक्षर-अक्षर करून दाखवायचा, की पान, ऊन, पाणी, हवा आणि तयार होणारं अन्न अशी प्रक्रियाच उभी करायची? आदल्या दिवशी धडा हातात आला तर विचार करून ठरवता येतं, बहुतेक वेळा तो तास सुरू होतानाच कळतो. मराठीचा तास तर वेगळंच प्रकरण. कान टोचणे, कानावर घालणे, कानामागून येऊन तिखट होणे, कानाडोळा करणे! आपली भाषा किती कानांवर उभी आहे हे मला कर्णबधिर मुलांना वाक्प्रचार समजावताना कळलं. आणि थकवा. वीस-पंचवीस मिनिटांनंतर डोकं जड होतं, वाक्यं गळायला लागतात. म्हणूनच परिषदांमध्ये, न्यायालयांत दोन दुभाषी आलटून पालटून काम करतात. शाळेत मात्र एकटी बाई सकाळी प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत उभी असते, आणि मधल्या सुट्टीत तिने मुलांना डबा खाऊ घालावा, अशीही अपेक्षा असते.

एवढं सगळं केल्यावर त्याचं चीज केव्हा होतं? समोरच्याकडे भाषा असते तेव्हा. २०२३च्या सप्टेंबरमध्ये बेंगळुरूच्या वकील सारा सनी यांनी सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयात हजेरी लावली, तेव्हा देशभर दुभाष्याचं कौतुक झालं. ते योग्यच होतं. पण त्या दिवशी दोन भाषांमधलं अंतर पार करता आलं, कारण दोन्ही टोकांना भाषा भक्कम होती. तिथून आठवीतल्या त्या मुलाकडे बघा. त्याला दुभाषी देणं म्हणजे विहीर न खोदता मोटार बसवण्यासारखं आहे.

माझी आत्या जन्मापासून कर्णबधिर होती. आमच्या घरात तिच्यासाठी पंचवीस-तीस खुणा होत्या, आजीने आणि तिने मिळून केलेल्या. चहा, भांडी, पाऊस, देव, धाकटा भाऊ. त्या खुणांवर तिचं सगळं आयुष्य गेलं. तिला काय आवडायचं हे आम्हाला माहीत होतं, पण तिला काय वाटायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते सांगायची भाषा तिच्याकडे नव्हती आणि विचारायची आमच्याकडे नव्हती. आजोबा गेले तेव्हा ते कुठे गेले, हे तिला समजावायला घरात कुणाकडेही खूण नव्हती. ती तीन आठवडे ओसरीवर त्यांचं ताट मांडत राहिली. पुढे मुंबईत सांकेतिक भाषेच्या वर्गात बसले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घरगुती खुणा आणि भाषा यांच्यात केवढी दरी असते. 'आमचं मूल खुणा करतंच की,' असं कुणी पालक म्हणाले की मला आत्या आठवते.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात प्रामाणिक मुद्दा घेते. आईबापांना वाटतं की आपल्या मुलाने आपल्याशी बोलावं, 'आई' म्हणावं. यात गैर काय आहे? दहापैकी नऊहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घर मराठी बोलतं, शेजार मराठी बोलतो, नोकरी बोलणाऱ्यांच्या जगात करायची आहे. कॉक्लिअर इम्प्लांटने, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवलेल्या यंत्राने, अनेक मुलं खरोखर बोलू लागली आहेत, विशेषतः ज्यांचं निदान लवकर झालं, शस्त्रक्रिया लवकर झाली आणि पुढची वाचा-उपचाराची वर्षं चिकाटीने पार पडली त्यांच्या बाबतीत. अशी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आयांचे आनंदाश्रूही पाहिले आहेत. इम्प्लांटला विरोध करणारा कार्यकर्ता त्या आईसमोर उभा राहून काय बोलणार? मी त्यातली नाही.

पण या मुद्द्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. सांकेतिक भाषा दिली तर बोलणं मरतं, हे गृहीतक येतं कुठून? बेळगावच्या गल्लीत मूल घरात मराठी आणि रस्त्यावर कानडी बोलत मोठं होतं, त्यातली एक भाषा दुसरीचा गळा दाबत नाही. नागपुरातलं मूल हिंदी आणि मराठी एकाच श्वासात बोलतं. मग कर्णबधिर मुलाच्या बाबतीतच दोन भाषा एकमेकींच्या वैरिणी का ठरतात? शिवाय इम्प्लांट हे यंत्र आहे. त्याचा बाहेरचा भाग आंघोळीला, झोपताना काढावा लागतो, यंत्र बिघडतं, दुरुस्तीचा खर्च कित्येक घरांना झेपत नाही, आणि साठ मुलांच्या कल्लोळात त्याची मदत तोकडी पडते. ओठ वाचून शिकेल म्हणणाऱ्यांनी आरशासमोर उभं राहून आवाज न करता 'पाय', 'बाय', 'माय' म्हणून बघावं. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. 'क', 'ग', 'ख' तर घशाजवळ होतात, बाहेर दिसतच नाहीत. उरलेलं मुलाने संदर्भावरून ओळखायचं. संदर्भ ओळखायलाही आधी भाषा लागते!

या मतामुळे होणारं खरं नुकसान 'थांबा' या शब्दात आहे. आधी बोलतंय का बघू, नाही जमलं तर खुणा शिकवू. दोन वर्षं थांबा, चार वर्षं थांबा. भाषा सहज मुरण्याची जी सुरुवातीची वर्षं असतात ती अशीच निघून जातात, आणि सहाव्या-सातव्या वर्षी, सगळं हरल्यावर, शेवटचा उपाय म्हणून सांकेतिक भाषा पुढे येते. मग त्या उशिराचं खापर सांकेतिक भाषेवर फुटतं: बघा, खुणा शिकवूनही काही झालं नाही. बोलणं आलं तर आनंद आहे. नाही आलं तर मूल तोवर भाषेशिवाय राहिलं, ही किंमत कोण भरतं? सांकेतिक भाषा पहिल्या वर्षापासून दिली तर बोलण्याची वाट बंद होत नाही, फक्त त्या वाटेवर मूल उपाशी राहत नाही.

हा वाद नवा नाही. १८८० साली इटलीत मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींमध्ये स्वतः कर्णबधिर असलेला एकच होता. ठराव झाला की शिक्षण तोंडी बोलीतूनच व्हावं. त्यानंतर जगभरच्या शाळांमधून कर्णबधिर शिक्षक बाहेर काढले गेले आणि मुलांच्या हातांवर बंदी आली. त्याच हवेत, त्याच दशकात, मुंबईत भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा सुरू झाली. मिलानच्या बाजूने उभे असलेले लोक दुष्ट होते का? तोंडी शिक्षणाचा मोठा पुरस्कर्ता अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्याची आई कर्णबधिर, पत्नीही कर्णबधिर. त्याच्या मायेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. म्हणूनच पालकांच्या किंवा शिक्षकांच्या तळमळीवर निकाल सोपवायला मी तयार नाही; तळमळ असूनही १३० वर्षं चुकता येतं. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत मिलानचे ठराव नाकारण्यात आले आणि खेद व्यक्त झाला. तोवर किती पिढ्या वर्गात हात मागे बांधून बसल्या?

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे आणि शिक्षकांकडून येतो: सांकेतिक भाषेत शास्त्राचे शब्द नाहीत, पुण्याची खूण वेगळी, सोलापूरची वेगळी, मग आठवीचं भौतिकशास्त्र शिकवणार कसं? शब्द कमी पडतात हे मी रोज अनुभवते, तेव्हा नाकारणार नाही. पण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये निघाला आणि 'दर्पण' १८३२मध्ये, तेव्हा मराठीत कलनगणिताचे, म्हणजे कॅल्क्युलसचे, शब्द होते का? बाळशास्त्री जांभेकरांनी 'शून्यलब्धि' हा त्याच विषयावरचा ग्रंथ लिहिताना शब्द घडवले. शब्द आधी तयार होऊन मग शिकवणं सुरू झालं असं कुठल्याच भाषेत घडलेलं नाही. वर्ग सुरू होतात, अडतं, आणि अडल्या जागी शब्द जन्मतो. १८४०च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते, तेव्हा नाना शंकरशेट लोकांच्या भाषेच्या बाजूने उभे राहिले. या भाषांमध्ये ज्ञान नाही, हाच युक्तिवाद तेव्हाही होता. आज तोच युक्तिवाद आपण, मराठीवाले, आपल्यातल्याच मुलांच्या भाषेविरुद्ध वापरतो आहोत. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ साली स्थापन झालं. त्यांच्या कोशात २०१८मध्ये ३,००० शब्द होते, २०२१पर्यंत ते १०,००० झाले. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२० साली झाला. वेग पुरेसा नाही, पण भाषेत शब्द नाहीत म्हणून शिकवता येत नाही हे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. बोलीभेदाचं म्हणाल तर अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी असताना मराठीचं पाठ्यपुस्तक निघालंच ना.

इथे मला २०२५ची आठवण करून द्यायची आहे. पहिलीपासून हिंदी आणायच्या शासन निर्णयांवरून महाराष्ट्र पेटला होता. लहान मुलावर आणखी एक भाषा लादू नका, आधी त्याची मातृभाषा पक्की होऊ द्या, ती पक्की झाली की बाकीच्या भाषा आपोआप चढतात, हे किती जणांनी किती सुंदर मांडलं. जूनअखेरीस दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या वेळी मीही त्याच बाजूची होते. तोच न्याय कर्णबधिर मुलाला लावा एवढंच माझं म्हणणं. २०१६च्या कायद्यात या मुलांना दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची तरतूद आहे, आणि शाळा ती तत्परतेने वापरतात. सूट देताना पहिली भाषा कोणती हे अर्जावर कुणी लिहितं का? त्याच कायद्याचं १६वं कलम सांगतं की अंध, कर्णबधिर मुलांना सर्वांत योग्य अशा भाषेतून आणि माध्यमातून शिक्षण मिळावं. १७वं कलम सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमायला सांगतं, दिव्यांग शिक्षकांसह. ही दोन वाक्यं बैठकीत कुणी वाचली नव्हती. सूट देण्याची ओळ मात्र सर्वांना पाठ होती.

पैशाचा मुद्दा मी टाळणार नाही. २०११च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली. त्यांच्या संख्येपुढे प्रशिक्षित दुभाषी नगण्य आहेत. एका गावात एक मूल, पुढच्या गावात दुसरं. प्रत्येकाला दुभाषी देणं आज अशक्य आहे, आणि उद्या जमेल असं मी खोटं सांगणार नाही. पण या अडचणीतून निघणारा निष्कर्ष 'मग राहू दे' हा नाही. मुलांना विखरून ठेवायचंच कशाला, असा प्रश्न त्यातून निघायला हवा. समावेशनाच्या नावाखाली प्रत्येक कर्णबधिर मूल आपापल्या गावच्या शाळेत एकटं बसवणं म्हणजे समावेशन, असा समज पक्का झाला आहे. साठ ऐकणाऱ्या मुलांत एकटं बसलेलं ते मूल हजेरीपटावर सामील असतं. मधल्या सुट्टीत भांडणं कशावरून झाली, सहलीचा दिवस का बदलला, सगळे का हसले, यातलं त्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी तालुक्याच्या एका मोठ्या शाळेत आठ-दहा कर्णबधिर मुलं एकत्र आली, त्यांच्यासाठी बस किंवा वसतिगृह असलं, लहान वर्गांना एक कर्णबधिर शिक्षक आणि मोठ्या वर्गांना दोन दुभाषी असले, तर खर्च विभागला जातो आणि मुलांना बोलायला सोबती मिळतात. हा मार्ग माझ्या काही कार्यकर्त्या मित्रांना आवडत नाही. त्यांना तो विशेष शाळेकडे परत जाणं वाटतो. विशेष शाळांची बाजू मी आंधळेपणाने घेत नाही. अनेक विशेष शाळांत वर्गात अजूनही तोंडीच शिकवलं जातं आणि भाषा वाढते ती वसतिगृहाच्या खोल्यांत, रात्री दिवे जायच्या आधी. पण आठवीतल्या त्या मुलीला भाषा मिळाली ती त्या खोल्यांमधूनच.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात हेच घडलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या दशकात राजधानी मानाग्वाच्या शाळांमध्ये कर्णबधिर मुलं पहिल्यांदा मोठ्या संख्येने एकत्र आली. शाळा त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होती, त्यात फारसं यश येत नव्हतं. मुलं मात्र मैदानावर आणि बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळत होती, आणि नंतर आलेल्या धाकट्यांच्या हातात त्या खुणांची व्याकरणासकट एक नवी भाषा झाली. जगभरचे भाषातज्ज्ञ ती अभ्यासायला गेले. तिथे ना दुभाषी होता ना सांकेतिक भाषा शिकवणारा शिक्षक. मुलं एकत्र होती.

उरला तो आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो खरा आहे: दुभाषी असला की मूल त्याच्यावरच अवलंबून राहतं. वर्गातली मुलं त्याच्याशी बोलत नाहीत, 'बाई, त्याला सांगा ना' म्हणून माझ्याकडे बघतात. शिक्षकही 'तिला समजलं का विचारा' असं मला म्हणतात, तिच्याकडे न बघता. सहावीतल्या एका मुलीने मला एकदा विचारलं होतं की बाई, तुम्ही नसताना मी कोण असते? त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. अशा वेळी दुभाष्याने मागे सरकायला शिकावं लागतं. मी आता मधल्या सुट्टीत वर्गात थांबत नाही. शिक्षकांना सांगते की प्रश्न मुलीकडे बघून विचारा, हात मी हलवीन. वर्गातल्या प्रत्येकाला आठवड्याला दहा खुणा शिकवते, आणि शिकवण्याचं काम कर्णबधिर मुलांनाच देते. वर्षाअखेरीस साध्या गप्पांसाठी माझी गरज उरत नाही, ती उरते भूमितीसाठी. अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर पिढीजात बहिरेपण इतकं सर्वत्र होतं की ऐकणारेही खुणांनी बोलत. तिथे बाजारात, सभेत दुभाषी लागत नसे. अवलंबित्वाचा दोष दुभाष्याच्या असण्यात नसून फक्त त्याच्यावर सगळं सोपवून बाकीच्यांनी हात काढून घेण्यात आहे. दुभाषी काढून टाकला तर मूल स्वावलंबी होतं का? ते गप्प होतं. गप्प बसलेल्या मुलाला आपल्याकडे शहाणं म्हणतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या बैठकीत मी एवढंच सांगितलं की मुलीला दुभाषी या महिन्यापासून द्या. मुलाला आज दुभाषी देऊन त्याची फसवणूक करू नका. त्याला रोज दोन तास सांकेतिक भाषा जगणाऱ्या माणसासोबत बसवा, त्या मुलीसोबत बसवा, त्याच्या आईवडिलांना शनिवारी बोलवा, आणि एक-दोन वर्षं अभ्यासक्रमाच्या मागे पळू नका. तेरा वर्षांच्या मुलाला भाषा मुरायला उशीर झाला आहे, पूर्ण भरपाई होईल असं वचन मी त्याच्या वडिलांना दिलं नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, आमच्या वाडीत दुसरं एक पोरगं आहे, तीन वर्षांचं, त्याचं काय करायचं?

त्या पोरासाठी काय करायचं हे मला नेमकं माहीत होतं. त्याच शाळेच्या बालवाडीला मदतनीस हवी होती. जवळच्या गावातली एक कर्णबधिर तरुणी सांकेतिक भाषा शिकवण्याचं प्रशिक्षण पूर्ण करून घरी बसली आहे, तिने अर्जही केला होता. ऐकणाऱ्या आणि कर्णबधिर, दोन्ही प्रकारच्या मुलांना तिच्या हातांमधून गोष्टी ऐकू आल्या असत्या, आणि तीन वर्षांच्या त्या पोराला पहिल्यांदा स्वतःसारखं मोठं माणूस दिसलं असतं. अर्ज नाकारला गेला होता. कारण विचारल्यावर सांगण्यात आलं की पालकांचा फोन आला तर ती उचलणार कशी?

फोन मी उचलीन, मी म्हणाले. पालक काय म्हणतात ते तिला खुणांनी सांगेन, ती काय म्हणते ते त्यांना मराठीत सांगेन. माझं काम तेच आहे. खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही, मग अध्यक्षांनी अर्ज परत मागवून घेतला आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत टाकला. ती बैठक १५ तारखेला आहे, आणि त्या दिवशी तिच्यासाठी दुभाषी म्हणून मी जाणार आहे.